हिशोब ठेवणाऱ्या खुर्चीतून गुंतवणूक ठरवणाऱ्या खुर्चीकडे

 

आजचा भाग एका पत्रावरून सुरू करतो. पत्र पाठवणारी मुलगी इंदूरची. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि नोकरी हैदराबादला. बी.कॉम., मग फायनान्समध्ये एम.बी.ए., आणि गेली चार वर्षं एका फंड अकाउंटिंगच्या ऑफिसात. ती लिहिते, "दादा, मी रोज रात्री परदेशातल्या एका फंडाची एनएव्ही काढते. पैशापर्यंत बरोबर काढते. पण त्या फंडात जे शेअर आहेत त्यांतला एकही का घेतला, हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मला ते काम करायचंय. पण लहान भावाची फी माझ्या पगारातून जाते. चार वर्षांत पद दोनदा बदललं, काम तेच आहे. आता उशीर झालाय का?"

मी स्वतः पाच वर्षं अशाच एका ऑफिसात काढली आहेत. म्हणून आज धीर देणारं भाषण करणार नाही. हे काम अडकतं कुठे, त्यातलं काय उपयोगी पडतं, काय नव्याने शिकावं लागतं आणि घर सांभाळून ही वाट कशी चालायची, एवढं क्रमाने बघू.

काम अडकतं कुठे?

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फंडाकडे जेवढी मालमत्ता आहे त्यातून देणी वजा करायची आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागायचं. येते ती एका युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही. ऐकायला सोपं आहे. पण त्यासाठी रोज प्रत्येक शेअरचा भाव तपासायचा, कुठे लाभांश आला, कुठे बोनस आला ते नोंदवायचं, आपल्या वहीतला आकडा आणि कस्टोडियनच्या वहीतला आकडा जुळवायचा. न जुळणाऱ्या नोंदीला ऑफिसात ब्रेक म्हणतात. रात्री अकरा वाजता सापडलेला ब्रेक काय असतो, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

हे काम हलकं नाही. चूक झाली तर हजारो लोक चुकीच्या भावाने युनिट घेतात आणि विकतात. मग माणूस यात अडकतो का? कारण कामाची रचनाच अशी केलेली असते की कुणी एक माणूस सुटीवर गेला तरी ते थांबू नये. प्रत्येक पायरी लिहून ठेवलेली, प्रत्येक फाइलला दोन तपासणारे. संस्थेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या दीड वर्षात जे शिकायचं ते शिकून होतं. त्यानंतरची वर्षं अनुभवाच्या रकान्यात जमा होतात, डोक्यात फारशी नाहीत.

दुसरं कारण अंतराचं. निर्णय घेणारा न्यूयॉर्क, लंडन किंवा मुंबईतल्या एका खोलीत बसतो. तुमच्यापर्यंत येतो तो निर्णयाचा परिणाम: इतके शेअर, इतक्या भावाने. त्यामागचा वाद, शंका, नाकारलेले पर्याय यातलं काहीच तुमच्या पडद्यावर येत नाही. म्हणून चार वर्षं गुंतवणुकीच्या इतक्या जवळ बसूनही गुंतवणूक कळत नाही. यात त्या मुलीचा दोष नाही.

गुंतवणुकीत जायचं म्हणजे नेमकं कुठे?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं, फंड मॅनेजरचं. तिथे थेट उडी जवळजवळ कुणालाच मिळत नाही. मधल्या पायऱ्या आहेत आणि त्या माहीत असायला हव्यात.

एक, ब्रोकरेजचा संशोधन विभाग. इथे एखाद्या क्षेत्राचा मुख्य विश्लेषक असतो आणि त्याच्या हाताखाली सहायक. सहायकाचं निम्मं काम एक्सेलमधलं मॉडेल अद्ययावत ठेवण्याचं. दोन, पतमानांकन संस्था. क्रिसिल १९८७ पासून, इक्रा १९९१ पासून, केअर १९९३ पासून हे काम करतात. इथला विश्लेषक कंपनीच्या व्यवस्थापनाशी बोलतो, बँकर आणि ऑडिटरशी बोलतो, आणि एकच प्रश्न विचारतो: ही कंपनी घेतलेलं कर्ज वेळेवर फेडेल का? तीन, बँकांचा कर्ज मूल्यांकन विभाग. चार, परदेशी संस्थांसाठी भारतात बसून संशोधन करणारी केंद्रं. आणि पाच, तुमच्याच ऑफिसातली ती खोली जिथे फंडाने कमावलं ते कशामुळे कमावलं, याचं विश्लेषण होतं. पुष्कळांना ही खोली आपल्याच मजल्यावर आहे हेही माहीत नसतं. अंतर्गत बदलीसाठी तिथे आधी विचारा.

म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, पीएमएस, एआयएफ ही त्यापुढची दारं. बॅक ऑफिसातून या पाचपैकी एका ठिकाणी, आणि तिथून दोन-तीन वर्षांनी पुढे, असा हिशोब धरला तर निराशा कमी होते.

तुमच्याकडे आधीच काय आहे?

आता एक गोष्ट सांगतो, जी तुम्हाला माहीत आहे, पण या बाजूने कदाचित पाहिली नसेल.

७ जानेवारी २००९. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या न-असलेल्या पैशावर ३७६ कोटींचं व्याजही येणं म्हणून दाखवलेलं होतं.

आता मला सांगा, तुम्ही रोज काय करता? आपल्या वहीतला आकडा बाहेरच्या, स्वतंत्र माणसाच्या वहीशी जुळवता. आतल्या माणसाने दिलेल्या कागदावर विश्वास ठेवत नाही. सत्यममध्ये मोडली ती हीच साखळी.

बाहेरच्या गुंतवणूकदाराला कंपनीचं बँक स्टेटमेंट मिळत नाही, हे खरं. मिळालेलं व्याज भागिले सरासरी शिल्लक, असा ढोबळ ताळा तो करू शकतो. पण व्याजच खोटं दाखवलं तर तो ताळाही फसतो. मग उरतो वागणुकीचा प्रश्न. हातात पाच हजार कोटी असलेली कंपनी त्या पैशाचं करते काय? डिसेंबर २००८ मध्ये सत्यमने प्रवर्तकांच्याच कुटुंबातल्या दोन मेटास कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. सॉफ्टवेअरच्या कंपनीला बांधकामाच्या कंपन्या कशाला? गुंतवणूकदार इतके भडकले की काही तासांत तो व्यवहार मागे घ्यावा लागला. राजूंच्या पत्रानुसार तो खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता.

सांगायचा मुद्दा असा. न जुळणाऱ्या आकड्यापाशी थांबायची सवय तुमच्या हाताला आहे. एम.बी.ए. करून थेट संशोधनात आलेल्या अनेकांना ती लावून घ्यावी लागते. मुलाखतीत "मी फक्त रिकन्सिलिएशन करते" असं खाली मान घालून सांगू नका. कुठला ब्रेक कसा सापडला आणि त्यामागे काय निघालं, हे सांगा.

आणि काय नाही?

माझी पहिली मुलाखत अजून आठवते. एका छोट्या फंडात. मी तयारी जोरदार केली होती. गुणोत्तरं पाठ, सूत्रं पाठ. समोरच्या गृहस्थांनी एका रंग बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेतलं आणि विचारलं, "हे लोक पैसे कसे कमावतात?" मी नफ्याचं प्रमाण सांगितलं. ते म्हणाले, "ते मला छापील मिळतं. दुकानदार यांचाच डबा पुढे का करतो, ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात कधी विचारलंच नव्हतं. दहा मिनिटांत मुलाखत संपली.

आपल्याकडे नसतं ते हे. धंदा कसा चालतो याची समज, आणि त्या धंद्याला काय भाव द्यावा याचा अंदाज. हे दोन्ही नोकरीत असताना शिकता येतं. खर्च जवळजवळ शून्य, वेळ मात्र लागतो.

एक क्षेत्र निवडा. शक्यतो ज्याच्याशी तुमचा आधीपासून संबंध आहे असं. वडील औषधांच्या दुकानात असतील तर औषधं, मामा ट्रॅक्टर विकत असेल तर शेती अवजारं. त्या क्षेत्रातल्या तीन-चार कंपन्यांचे मागच्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या. बीएसई, एनएसई आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ते फुकट आहेत. तिमाही निकालानंतर व्यवस्थापन विश्लेषकांशी बोलतं, त्या संभाषणांच्या लेखी प्रतीही तिथे मिळतात. अनुभवी माणूस कसले प्रश्न विचारतो, हे त्यातून शिका.

अहवाल वाचताना सुरुवात अध्यक्षांच्या फोटोपासून करू नका. आधी ऑडिटरचा अहवाल. मग रोकड प्रवाहाचं पत्रक. मग टिपा, विशेषतः प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार आणि संभाव्य देणी. व्यवस्थापनाचं म्हणणं सगळ्यात शेवटी.

एक साधं उदाहरण घेऊ, आकडे समजावण्यापुरते. एका कंपनीची विक्री १,००० कोटींवरून १,२०० कोटींवर गेली, म्हणजे २० टक्के वाढ. नफा १०० कोटी. बातमी छान. आता येणी बघा. ती २०० कोटींवरून ३२० कोटींवर गेली, म्हणजे ६० टक्के वाढ. आधी विकलेल्या मालाचे पैसे ७३ दिवसांत येत होते, आता ९७ दिवस लागतात. नफा १०० कोटी, त्यात घसारा ४० कोटी परत मिळवला तर १४०. त्यातले १२० कोटी गिऱ्हाइकांकडे अडकले. बाकी काही बदललं नाही असं धरलं तर कामकाजातून हातात आले फक्त २० कोटी.

इथपर्यंत अकाउंटिंग. गुंतवणूक यापुढे सुरू होते. पैसे का अडकले? गिऱ्हाइक सरकारी खातं आहे आणि बिलं मार्चनंतर निघतात? की वर्षअखेरीला डीलरच्या गोदामात माल कोंबून विक्री फुगवली? पहिलं असेल तर सहा महिन्यांत पैसे येतील. दुसरं असेल तर पुढच्या वर्षी विक्री पडेल. बाजारात या कंपनीची एकूण किंमत ३,००० कोटी असेल, तर लोक नफ्याच्या तीसपट देत आहेत. म्हणजे बाजाराने पहिलं उत्तर खरं मानलं आहे. तुम्हाला काय वाटतं आणि का, हे सांगता आलं की तुम्ही दुसऱ्या खुर्चीच्या जवळ आलात.

लिहून ठेवा

"मला बाजाराची खूप आवड आहे" असं प्रत्येक अर्जात असतं. चार पानांची टिपणं फार थोड्यांकडे असतात.

वॉरन बफे यांनी १९५१ मध्ये शिक्षण संपल्यावर आपले गुरू बेंजामिन ग्रॅहम यांच्याकडे फुकट काम करायची तयारी दाखवली. ग्रॅहम नाही म्हणाले. बफे ओमाहाला परतले आणि वडिलांच्या ब्रोकरेजमध्ये शेअर विकू लागले, जे काम त्यांना फारसं आवडत नव्हतं. पण त्या काळात त्यांनी अभ्यास थांबवला नाही. डिसेंबर १९५१ मध्ये गायको या विमा कंपनीवर त्यांचा लेख छापून आला. ग्रॅहम यांना ते आपल्या कल्पना कळवत राहिले. १९५४ मध्ये ग्रॅहम यांनी त्यांना बोलावून घेतलं. आपण कुणी बफे नाही. पण नकारानंतरच्या तीन वर्षांत काय करायचं, हे यातून नक्की घेता येतं.

टिपण साधं ठेवा. धंदा काय आहे. पैसा कुठून येतो. आजच्या भावात बाजाराने काय गृहीत धरलं आहे. माझं मत वेगळं कुठे आहे. आणि काय घडलं तर मी चुकलो असं मानेन. वर तारीख टाका. सहा महिन्यांनी परत उघडा आणि खाली लिहा: काय बरोबर निघालं, काय चुकलं. वर्षात अशी चार टिपणं पुरेत. चुकलेलं टिपण फाडू नका. मुलाखतीत सगळ्यात जास्त बोलणं त्यावरच होतं.

इथे दोन धोक्याचे इशारे, आणि ते गंभीर आहेत.

पहिला. तुम्ही ज्या फंडाचे हिशोब ठेवता त्याचे व्यवहार तुम्हाला दिसतात. त्या माहितीवर स्वतः, भावाच्या नावाने किंवा मित्राला सांगून व्यवहार करणं हा गुन्हा आहे. नोकरी जाते, आणि या क्षेत्रात परत उभं राहणं फार कठीण होतं. स्वतःच्या शेअरखरेदीसाठी तुमच्या ऑफिसात पूर्वपरवानगीचा नियम असेल, तो वाचा आणि पाळा. टिपणासाठी शक्यतो अशी कंपनी घ्या जी तुमच्या कामात येतच नाही.

दुसरा. ही टिपणं मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये "हा शेअर घ्या" म्हणून टाकू नका. मोबदला घेऊन असे सल्ले द्यायला सेबीच्या २०१४ च्या रिसर्च ॲनालिस्ट नियमांनुसार नोंदणी लागते. टिपण हा तुमच्या विचाराचा नमुना आहे, ते तेवढ्यासाठीच वापरा.

परीक्षा द्यायची की नाही?

द्या, पण तिच्याकडून काय मिळतं ते ओळखून. एनआयएसएमची मालिका १५, म्हणजे रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा, नोकरी सांभाळून काही आठवड्यांत होण्यासारखी आहे. ती आधी द्या. सीएफएच्या तीन पातळ्या आहेत, आणि त्यापुढे सनद मिळायला किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. पहिली पातळी झाली की तुमचा अर्ज निदान वाचला जातो. पण तिन्ही पातळ्या होऊनही बॅक ऑफिसातच बसलेले लोक मी पाहिले आहेत. परीक्षेमुळे अर्ज पुढे सरकतो. समोर बसल्यावर बोलायला टिपण लागतं. दोन्ही ठेवा.

घर, पगार आणि मुदत

आता भावाच्या फीचा प्रश्न. मी संशोधनाच्या कामात गेलो तेव्हा माझा पगार महिन्याला सहा हजारांनी कमी झाला. नव्या क्षेत्रात तुम्ही परत कनिष्ठ असता, त्यामुळे असं होऊ शकतं. म्हणून आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, घरी पाठवायची रक्कम धरून. तो साठा होईपर्यंत राजीनामा नाही.

घरच्यांशी बोला, आणि "मला हे आवडत नाही" एवढंच बोलू नका. "अठरा महिने मी नोकरी करतच तयारी करणार आहे, पगार कमी झाला तर या साठ्यातून भागवेन, आणि तोपर्यंत नाही जमलं तर परत विचार करेन" असं सांगा. वडिलांना पक्की नोकरी सोडण्याची भीती असते, तिला आकड्यातलं उत्तर लागतं. मी माझ्या बाबांना वहीत लिहून दाखवलं होतं. त्यांनी वही दोन दिवस ठेवून घेतली, मग म्हणाले, "यात एलआयसीचा हप्ता धरला नाहीस." खरंच धरला नव्हता.

आणि एक वाट मात्र कृपा करून धरू नका. नोकरी सोडून पूर्णवेळ ऑप्शन्सचा व्यापार. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. कंटाळलेला, थोडी बचत असलेला आणि "मला बाजार कळतो" असं वाटणारा बॅक ऑफिसचा माणूस या सापळ्यात पटकन सापडतो. माझे दोन सहकारी सापडले. एक अजून बहिणीचे पैसे फेडतो आहे.

शेवटी, त्या मुलीला

उशीर झालाय का? चार वर्षांनी नाही. आठ वर्षांनी जास्त अवघड होतं, कारण तोपर्यंत पगार एवढा वाढतो की खाली उतरवत नाही. म्हणून पुढची दीड वर्षं महत्त्वाची आहेत.

आणि एक शक्यता मोकळ्या मनाने ठेव. सहा टिपणं लिहिल्यावर कदाचित कळेल की अहवालात डोकं घालून बसणं तुला आवडत नाही, आवडत होतं ते फक्त पदाचं नाव. तसं निघालं तरी काही वाया गेलं नाही. स्वतःची बचत डोळसपणे गुंतवता येईल, आणि कुणी शेअर गळ्यात मारायला आलं तर कुठला प्रश्न विचारायचा ते कळेल.

तर या आठवड्याचं काम. शनिवारी सकाळी एक वार्षिक अहवाल उतरवा, ऑडिटरचा अहवाल आणि रोकड प्रवाहाचं पत्रक वाचा, आणि एका कागदावर तीन ओळी लिहा: नफा किती, हातात रोकड किती आली, आणि दोन्हींत फरक का. तिसऱ्या ओळीला वेळ लागेल. लागू द्या.

पुढच्या भागात आपण तोच अहवाल घेऊन टिपांची पानं वाचू. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार.